चेन का सटकते?

मृगाच्या आधीचे आठ-दहा दिवस शेलूबाजारात फार गडबडीचे असतात. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातले हे रस्त्यावरचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली पेरणी यंत्रे या दिवसांत वेल्डिंगच्या आणि दुरुस्तीच्या दुकानांपुढे येऊन उभी राहतात. कुणाचा फण वाकलेला, कुणाच्या बियाण्याच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या, आणि बहुतेकांच्या चेन गंजलेल्या. सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. पेरणीचे चार-पाच दिवस हातचे गेले तर पुढचे सगळे वर्ष बिघडते. म्हणून दुरुस्ती झटपट व्हावी, अशी प्रत्येकाची घाई असते.

अशाच घाईत आमच्या एका शेतकरी मित्राने आपल्या यंत्राची चेन बदलून घेतली. जुनी चेन ढिली झाली होती, पण चालत होती. नवी कोरी चेन टाकल्यावर मात्र ती शेतात दर दोन-तीन तासांआड सटकू लागली. त्याच सुमारास वर्गातल्या एका मुलाने सायकलबद्दल नेमका हाच प्रश्न विचारला. "सर, जुनी चेन चालत होती, नवी टाकली तं सटकते. असं कसं?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर चटकन देता येत नाही. नवी वस्तू जुनीपेक्षा चांगली चालावी, अशी आपली अपेक्षा असते. इथे उलटे झाले. हे कोडे सोडवताना आम्हाला भूमिती, मापन आणि घर्षण असे तीन धडे एकाच ठिकाणी सापडले. ते शिक्षकमित्रांपुढे ठेवावेत म्हणून हा लेख.

पिच म्हणजे काय?

सायकलची चेन जवळून पाहा. पट्ट्यांच्या जोड्या, त्यांना जोडणाऱ्या पिना आणि पिनांभोवती फिरणारे छोटे गोल रोलर अशी तिची रचना असते. एका पिनेच्या मध्यापासून लगतच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे त्या चेनचे पिच. आपल्या सायकलींच्या चेनचे पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. साधी काळी सायकल घ्या की गिअरची, हे माप बदलत नाही.

ही चेन ज्या दातेरी चाकावर बसते, त्याला कारागीर स्प्रॉकेट म्हणतात. सायकलचे पुढचे मोठे स्प्रॉकेट म्हणजे चेनव्हील आणि मागचे छोटे म्हणजे फ्रीव्हील. स्प्रॉकेटच्या दोन दातांमधल्या खाचेत चेनचा एकेक रोलर येऊन बसतो. सगळे रोलर आपापल्या खाचांत नीट बसायचे, तर लगतच्या दोन खाचांमधले अंतरही बरोबर १२.७ मिलिमीटर हवे. चेनचे पिच आणि स्प्रॉकेटचे पिच जुळणे, ही सगळ्या चेनगाड्यांची पहिली अट आहे.

आता थोडी भूमिती. १८ दातांच्या फ्रीव्हीलवर चेन बसली की रोलरांचे मध्य एका वर्तुळावर येतात. पण चेन काही वर्तुळासारखी वाकत नाही, ती फक्त पिनांपाशी वळते. म्हणजे प्रत्यक्षात तयार होते ती १८ बाजूंची सुसम बहुभुजाकृती. तिची प्रत्येक बाजू १२.७ मिलिमीटरची. दहावीचे विद्यार्थी त्रिकोणमितीने या वर्तुळाचा व्यास सहज काढू शकतील. एकूण १८ भाग, म्हणून प्रत्येक बाजूसमोरचा केंद्रीय कोन २० अंश. त्याचा अर्धा १० अंश. व्यास = पिच ÷ साइन १०°, म्हणजे १२.७ ÷ ०.१७३६ = सुमारे ७३.१ मिलिमीटर. ४४ दातांच्या चेनव्हीलसाठी हाच हिशेब केला की व्यास सुमारे १७८ मिलिमीटर येतो.

एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. दातांची संख्या आणि पिच ठरले की व्यास आपोआप ठरतो. तो आपल्या मर्जीने निवडता येत नाही. पुढे याचा उपयोग होणार आहे.

चेन लांब कशी होते?

"चेन ताणली गेली" असे आपण म्हणतो. पोलादाच्या पट्ट्या पायाच्या जोराने ताणल्या जातात, असे त्यावरून वाटते. खरे कारण वेगळे आहे. चेन स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना प्रत्येक जोड थोडासा वळतो. पिन आपल्या नळीत घासली जाते. त्यात धूळ आणि काळ्या मातीचे बारीक कण गेले, की तेलात कालवलेल्या पॉलिश पेपरसारखे ते काम करतात. पिन झिजते, नळी झिजते आणि प्रत्येक जोडात केसाएवढी ढिलाई येते. पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात, पण पिच वाढते. एका कडीतली वाढ डोळ्यांना दिसत नाही. शंभराहून अधिक कड्यांची वाढ एकत्र झाली, म्हणजे चेन लोंबू लागते.

ही वाढ मोजणे हा वर्गात करण्याजोगा उत्तम प्रयोग आहे. साहित्य एकच लागते, इंचाच्या आणि सेंटीमीटरच्या खुणा असलेली पट्टी.

सायकल स्टँडवर उभी करा. चेनची खालची बाजू ढिली असते, म्हणून वरची बाजू निवडा. पेडलवर हलका दाब देऊन ती ताठ ठेवा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर आणा आणि तिथून पुढे २० वी पिन मोजा. नव्या चेनमध्ये ही पिन बरोबर १० इंचांवर, म्हणजे २५.४ सेंटीमीटरवर येईल. ती सव्वा मिलिमीटर पुढे गेली असेल, तर चेन अर्धा टक्का वाढली. अडीच मिलिमीटर पुढे गेली असेल, तर एक टक्का. साधारणपणे अर्धा टक्का वाढ झाली की चेन बदलावी, आणि एक टक्क्यापर्यंत गेली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही तपासून बदलावे, असा कारागिरांचा अनुभव आहे.

एक सूचना अगदी आवर्जून. मोजमाप चालू असताना पेडल कुणीही फिरवू नये. चेन आणि स्प्रॉकेट यांच्या मध्ये बोट सापडले तर ते तुटू शकते. ओढणी, बाह्या आणि सोगे आवरूनच प्रयोग करावा.

एकच पिच मोजून का चालत नाही, हे विद्यार्थ्यांना विचारा. एक टक्का वाढ म्हणजे एका पिचमागे ०.१३ मिलिमीटर. आपली पट्टी एक मिलिमीटरपर्यंतच सांगते. वीस पिच एकदम मोजले की तीच वाढ वीसपट होऊन पट्टीवर दिसते. वहीच्या एका कागदाची जाडी काढायला आपण शंभर कागद एकत्र मोजतो, त्यातलीच ही युक्ती.

नवी चेन आणि जुने दात

आता मूळ कोड्याकडे येऊ.

चेन एक टक्का वाढली, म्हणजे पिच १२.७ चे १२.८३ मिलिमीटर झाले. दातांची संख्या मात्र १८ च राहिली. मग वर काढलेल्या सूत्राप्रमाणे चेनला आता ७३.१ नव्हे, तर ७३.९ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ हवे. फ्रीव्हीलचा आकार तर काही वाढत नाही. म्हणून रोलर खाचेच्या तळाशी न बसता दाताच्या कडेवर थोडे वर चढून बसतात. फरक जेमतेम ०.४ मिलिमीटरचा, पण त्याचे दोन परिणाम होतात. पहिला, ताण अनेक दातांत वाटला न जाता एक-दोन दातांवरच येतो. दुसरा, दात आता वरच्या बाजूला झिजू लागतात. महिनोन् महिने असे चालले की दाताची एक बाजू कोरली जाते आणि त्याचा आकार आकडीसारखा किंवा फुटणाऱ्या लाटेसारखा होतो.

जुनी चेन या झिजलेल्या दातांवर चालते, कारण दोघे बरोबरच झिजले. चेनने दातांना आपल्या मापाचे करून घेतले. आता तिथे १२.७ मिलिमीटर पिचची नवी चेन आणली. तिला लहान वर्तुळ हवे, आणि दात कोरले गेले आहेत मोठ्या वर्तुळावर. ताण एका दातावर येतो. पुढचा रोलर खाचेत पडण्याऐवजी आकडीच्या टोकावर अडतो. हलक्या चालीत तो कसाबसा आत घसरतो. चढ लागला आणि पायांनी जोर लावला, की तो दातावरून उडी मारून पुढच्या खाचेत जातो. हाच तो "कट्" असा आवाज आणि पेडलचा झटका.

म्हणून नव्या चेनचा यात काहीच दोष नाही. शेलूबाजारच्या एका कारागिराने हे आम्हाला एका वाक्यात सांगितले होते. "चैन नवी आन् दात जुने, जमत नाई भाऊ." आम्हाला त्या एका वाक्यामागचे कारण शोधायला बराच वेळ लागला.

मात्र प्रत्येक झटका चेनचाच असतो असे समजू नये. फ्रीव्हीलच्या पोटातले 'कुत्रे' झिजले, तरी पेडल असेच झटक्याने पुढे जाते. ओळखायची खूण अशी. चेन उडाली तर ती दातांवरून वर उचललेली दिसते. कुत्रे सुटले तर चेन दातांवर नीट बसलेली असते आणि चाकच मागे राहते.

पिच सारखे, तरी जोडी जमत नाही

पिच जुळले म्हणजे सगळे जुळले, असेही नाही. अनेक मोटरसायकलींना ४२८ क्रमांकाची चेन असते. तिचेही पिच १२.७ मिलिमीटरच आहे. पण तिचा रोलर ८.५ मिलिमीटर व्यासाचा, तर सायकलच्या चेनचा सुमारे ७.७५. आतली रुंदी तर दुपटीहून जास्त. मोटरसायकलचा रोलर सायकलच्या खाचेत तळापर्यंत जात नाही, आणि सायकलची चेन मोटरसायकलच्या जाड दातांवर चढतच नाही. म्हणून जोडी लावताना पिच, रोलरचा व्यास आणि रुंदी ही तिन्ही मापे पाहावी लागतात.

या क्रमांकांतही गणित दडलेले आहे. ४२८ मधला पहिला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. ५२० किंवा ५३० मधला ५ म्हणजे पाच अष्टमांश, १५.८७५ मिलिमीटर. कारखान्यांतल्या आणि शेतीयंत्रांतल्या चेनवर ०८बी, १०बी, १२बी असे लिहिलेले असते. तिथे इंचाचे सोळावे भाग मोजतात. ०८ म्हणजे अर्धा इंच आणि १२ म्हणजे पाऊण इंच. दुकानात जुनी चेन नेता आली नाही, तरी हा क्रमांक वहीत उतरवून नेला तर चूक टळते.

आज वापरातली रोलर चेन हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथे १८८० मध्ये तयार केली. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, स्टार्ले यांची 'रोव्हर' सायकल आली. पेडलचा जोर चेनने मागच्या चाकाला देणारी आणि दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली ती सायकल आजच्या सायकलची आजी म्हणता येईल.

पेरणी यंत्रात काय घडते?

सायकलची चेन सटकली तर स्वाराला लगेच कळते. पेरणी यंत्राचे तसे नाही.

ट्रॅक्टरमागच्या साध्या पेरणी यंत्रात जमिनीवर टेकून फिरणारे एक चाक असते. त्या चाकावरून चेनने एक लांब दांडा फिरतो. दांड्यावर खाचा असलेल्या रोळ्या असतात. त्या पेटीतले बी मोजून नळ्यांत सोडतात. यंत्र जितके पुढे जाईल तितका दांडा फिरतो आणि तितकेच बी पडते. म्हणजे किती बी कुठे पडायचे, हे ठरवणारी दोरी त्या चेनच्या हाती असते.

समजा, चाकाचा परीघ दीड मीटर आहे आणि दोन्ही स्प्रॉकेट २० दातांचे आहेत. चेन एक दात सुटली, की दांडा एका फेऱ्याचा विसावा भाग मागे राहतो. जमिनीवर हे अंतर होते साडेसात सेंटीमीटर. एवढ्याने फारसे बिघडत नाही. पण चेन प्रत्येक फेऱ्यात एक दात सोडू लागली, तर वीसऐवजी एकोणीस भागच बी पडते. एकरी ३० किलो सोयाबीन पेरायचे ठरवले असेल, तर दीड किलो कमी.

खरा घात होतो तो चेन पूर्ण उतरल्यावर. एकच दांडा सगळ्या नळ्यांना बी देतो, त्यामुळे सगळी तासे एकदम कोरडी जातात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे तोंड पुढे असते. पाच नळ्यांचे यंत्र वीस मीटर असे गेले, तर शंभर मीटर तास रिकामे राहिले. दोन रोपांत पाच सेंटीमीटर अंतर धरले, तर दोन हजार बिया कमी पडल्या. फणामागून माती ओढली जाते आणि शेत पेरल्यासारखेच दिसते. चूक कळते ती पाच-सहा दिवसांनी, बाकीचे शेत उगवल्यावर. मग नांगे भरायला मजूर शोधा, बी शोधा, आणि पाऊस तोवर थांबेल याची खात्री नाही.

जुन्या तिफणीत चाड्यावर माणसाची मूठ असायची. मुठीतून बी सुटते की नाही, हे हाताला कळत होते. यंत्राने वेळ वाचवला, पण ती मूठ आता नाही. तिच्या जागी चेन आली आहे. म्हणून शेतात जाण्यापूर्वी एक तपासणी करावी. यंत्र जमिनीपासून उचलून खाली भक्कम टेकू द्यावा. दांड्याच्या टोकावर रंगाची खूण करावी. चाक हाताने बरोबर दहा फेरे फिरवून दांड्याचे फेरे मोजावेत. दातांच्या गुणोत्तराप्रमाणे ते यायलाच हवेत. वीस आणि वीस दात असतील तर दहाच्या दहा. मग कुणी दांडा हाताने जरा अडवून धरावा, हात चेनपासून दूर ठेवावेत, आणि पुन्हा मोजावे. इथे एखादा फेरा कमी भरला, तर शेतात तो नक्की कमी भरणार. पेरताना पहिली दोन तासे कुणीतरी यंत्रामागून चालावे, ते वेगळेच.

बर्फावरचा पट्टा

हाच नियम आपल्यापासून फार दूर, बर्फातही लागू पडतो. गुलमर्गला गेलेल्यांनी स्नोमोबाइल पाहिली असेल. पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद, अखंड पट्टा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला रबराचे उंचवटे असतात आणि एक दातेरी चाक त्या उंचवट्यांना ढकलून पट्टा फिरवते. इथे चेन नाही, पण पिच आहेच. दोन उंचवट्यांमधले अंतर म्हणजे पट्ट्याचे पिच.

ही कल्पना पुढे नेणारा जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला गावातला कारागीर. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या तीव्र विकाराने आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद होते. दवाखान्यापर्यंत नेता आले नाही आणि मूल दगावले. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटीत तो आधीपासून होताच. दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या त्याच्या जोडणीला १९३७ मध्ये पेटंट मिळाले. त्याच्या कंपनीची छोटी 'स्की-डू' १९५९ मध्ये बाजारात आली. पावसाळ्यात पांदण रस्ता चिखलाने बंद झालेला असताना रुग्णाला बैलगाडीतून नेणे म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या माणसाची खटपट वेगळी समजावून सांगायला नको.

या पट्ट्यांची २.५२ इंच, २.८६ इंच आणि ३ इंच अशी पिच प्रचलित आहेत. इथे एक सापळा आहे. २.५२ पिचचे ८ दातांचे चाक घ्या. ८ × २.५२ = २०.१६ इंच. आता २.८६ पिचचे ७ दातांचे घ्या. ७ × २.८६ = २०.०२ इंच. दोन्ही चाके शेजारी ठेवली तर आकार जवळजवळ सारखाच दिसतो. पण एकाचा पट्टा दुसऱ्यावर चढवला, तर पहिल्या उंचवट्यापाशी दात जुळतो आणि दुसऱ्यापाशी ०.३४ इंचाने चुकतो. मग दात उंचवट्यांना ढकलण्याऐवजी कुरतडू लागतात. आकार जुळला म्हणजे जोडी जुळली, असे होत नाही. दात मोजावेच लागतात.

दुसरा नियमही सोपा आहे. अखंड पट्ट्यात पिच पूर्ण संख्येतच मावले पाहिजेत, साडेअठ्ठेचाळीस चालणार नाहीत. १२१ इंची म्हणून विकला जाणारा पट्टा प्रत्यक्षात ४८ × २.५२ = १२०.९६ इंचांचा असतो.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर भात कापणाऱ्या रबरी पट्ट्याच्या हार्वेस्टरचे घ्या. त्याच्या पट्ट्यावर ४०० × ९० × ४७ असे आकडे असतात. अर्थ असा, की रुंदी ४०० मिलिमीटर, पिच ९० मिलिमीटर आणि कड्या ४७. लांबी किती, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना शेलूबाजारच्या शिवारात पोकलेन आणि बुलडोझर अनेकांनी पाहिले. त्यांचे पोलादी पट्टेही याच नियमाने चालतात.

विद्यार्थ्यांसाठी

१. शाळेत येणाऱ्या सायकलींच्या चेनचे वीस पिच मोजा आणि तक्ता करा. सायकल किती जुनी, चेनला तेल केव्हा दिले, रस्ता मातीचा की डांबरी, हेही लिहा. वाढीचा संबंध कशाशी दिसतो?

२. दोन कागदी पट्ट्या घ्या. एकीवर १२ मिलिमीटर अंतराने आणि दुसरीवर १२.५ मिलिमीटर अंतराने खुणा करा. पहिल्या खुणा जुळवा. कितव्या खुणेला फरक पूर्ण एका घराएवढा होतो? व्हर्नियर कॅलिपरशी याचे नाते काय?

३. ४४ आणि १८ दातांच्या सायकलीचे चाक २.२ मीटर परिघाचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल?

४. सायकलच्या साध्या चेनमध्ये कड्यांची संख्या सम असते. मग स्प्रॉकेटला विषम दात ठेवले, तर झीज अधिक सारखी का होईल?

आमच्या त्या मित्राने शेवटी दोन्ही स्प्रॉकेट बदलली. खर्च चेनच्या किमतीहून फार अधिक नव्हता. मधल्या काळात पेरलेल्या पट्ट्यात मात्र त्याला नांगे भरावे लागले. यंदा मृगाआधी तो पट्टी घेऊन यंत्राजवळ बसला होता, आणि वीस पिच मोजायला त्याने आपल्या आठवीतल्या मुलीला हाक मारली.